बेटावर लाईट आली तेव्हा

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय आणि खरं सांगतो, निम्म्यांना हसलोय. मी इलेक्ट्रिकल लाईनचा माणूस. तारेत करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं... एवढंच मला ठाऊक. तरीही लिहितोय, कारण हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यातला आता मी एकटाच उरलोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी एक लहान बेट आहे. नाव देत नाही, तिथे अजून वस्ती आहे. कोळ्यांची घरं, सगळी रॉकेलच्या दिव्यांवर. त्यांना वीज द्यायला पाण्याखालून केबल टाकायचं काम आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे होतं. मी आणि माझा मामेभाऊ दिगंबर – दिगू – दोघंही तिथेच नोकरीला. राहायला जोगेश्वरीला, एकाच चाळीत. गिरणी बंद पडली, पाठोपाठ मामा गेला. मामीला दिगूशिवाय कोणी नव्हतं.

केबल टाकून झाली होती, वीज सोडायची बाकी होती. अशा वेळी दोन्ही टोकांची माणसं केबलच्याच तारांना टेलिफोनचे सेट जोडून एकमेकांशी बोलतात. एक सेट माझ्याकडे, जेट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दुसरा घेऊन दिगू सकाळी होडीने बेटाकडे निघाला.

उन्हं चढल्यावर मी सेट जोडला आणि हँडल फिरवलं.

“बाळ्या, ऐकू येतंय?” दिगूचाच आवाज.

“झकास! पोचलास ना?”

नुसती खरखर... मग म्हणाला, “काळोख आहे रे इथे. लाईट कधी देतोस?”

बेटावर केबलचं टोक जिथे निघत होतं, त्या खोलीला खिडकी नव्हती. “दार उघड की, येड्या!” मी म्हटलं. पुन्हा हँडल फिरवून बघितलं आणि रिसीव्हर ठेवला.

मी बाहेर आलो, तर तिवरांतून चिखल तुडवत होडीवाला येत होता. नखशिखांत भिजलेला, थरथरत.

“साहेब, होडी उलटली... तुमचा मानूस वर आलाच नाय.”

“कधी?”

“सकालीच. मी वाहत पार तिकरं लागलो.”

“अरे, मी आत्ता बोललो त्याच्याशी!”

धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. शांत. नंतर कळलं, बेटावरच्या खोलीला कुलूप होतं, तिथलं केबलचं टोक सील केलेलं होतं. आणि दुसरा सेट दिगूबरोबरच पाण्यात गेला होता.

पुष्कळ शोधलं. दिगू सापडला नाही.

मामीसमोर माझ्या तोंडून ते बोलणं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ती शेडच्या दारात उभी. “माका तेच्याशी बोलूचा आसा.”

“मामी, पलीकडे कोणी नाहीये गं...”

तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “हां रे बाबा... हां. मी हंयच आसंय.” मी हिसकावून कानाला लावला. आवाज नाही. फक्त लांबवर पाणी हलत असल्यासारखं काहीतरी.

ती रोज यायला लागली. कोणालाही तिला हटकायचा धीर होईना. मी समोर बसायचो आणि ती लहान मुलाला जोजवल्यासारखं बोलत राहायची. तिचा चेहरा निवत जायचा, आणि मला वाटायचं, वेड लागतंय हिला... की मला?

शेवटी वीज सोडायचा दिवस ठरला. केबल चालू झाली की टेलिफोन जोडायचा प्रश्नच नाही, पुढे कधी फॉल्ट येऊन ती बंद करावी लागेपर्यंत. मामीने माझा हात धरला. “नको रे बाळ्या. तुमी दिवे लावतल्यात, माझो झील खंय जातलो?”

“मामी, तिथे पोरंबाळं आहेत, म्हाताऱ्या आहेत...” मी म्हटलं. खरं म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं. तिला शेडबाहेर नेलं, टेलिफोनच्या तारा सोडवल्या.

संध्याकाळी पलीकडे दिवे लागले. पाण्यावरून फटाक्यांचे आवाज आले, कोणीतरी ढोल वाजवत होतं. मामी जेट्टीवर बसून बघत होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, “तेच्या आंगावरसून गेलो रे तुमचो उजेड.”

लोकांनी मला खूप समजावलं. दुसऱ्या कुठल्या तरी टेलिफोन लाईनचा आवाज मिसळला असेल, मला वेळेचा भास झाला असेल. असेलही. पण “बाळ्या” मला दिगू आणि मामीच म्हणायचे. आणि काळोखाचं काय?

मामी त्यानंतर माझ्याशी फारशी बोललीच नाही. फक्त दर पावसाळा सरला की चाळीच्या जिन्यात मला गाठायची आणि हलक्या आवाजात विचारायची, “केबल बिघाडली काय रे?”

“नाय, मामी.”

ती मान हलवायची आणि आत जायची. मामी गेली तोपर्यंत त्या केबलला एकदाही फॉल्ट आला नाही.