दादाचं स्मारक कुठं बांधाल?

दादा गेल्याची बातमी मला घरच्यांच्या आधी टीव्हीनं सांगितली. मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. शेजारची शकुंतला कुंपणापाशी येऊन म्हणाली, "बाई, तुमच्या दादाले टीवीवर दाखवून राह्यले... हार घातलेला फोटो हाये." मी तशीच आत गेले. पडद्यावर एक जण त्याला 'वनपुत्र' म्हणत होता, दुसरा 'जंगल विकणारा'. माझा सख्खा भाऊ अजून दिल्लीच्या दवाखान्यातून बाहेरही निघाला नव्हता आणि इकडं त्याची वाटणी सुरू झाली होती. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि इतके आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही.

देशाला तो मंत्री म्हणून ठाऊक. मला ठाऊक आहे तो कुरखेड्याजवळच्या आमच्या धानाच्या बांध्यांतून अनवाणी धावणारा दादा. कॉलेजात असताना झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचा. आवाज असा, की माइक बंद पडला तरी पार मागं बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळायचा. गावामागची पहाडी लोखंडासाठी खोदायला पहिल्यांदा मशिनी आल्या, तेव्हा तोच आवाज घेऊन तो गोंड वस्तीतल्या बायांसोबत वाटेत आडवा बसला. पहाडीवर त्यांचं पेन होतं, त्यांचा देव. वस्तीतली मैनाबाई मडक्यात आंबील घेऊन यायची आणि पहिला द्रोण दादाच्या हातात द्यायची. "ही पहाडी जाईन त माया अंगावरून जाईन," असं तो तेव्हा म्हणाला होता. मशिनी परत गेल्या. त्या एका वाक्यावर तो पहिली निवडणूक जिंकला, पुढं दिल्लीला गेला... आणि गेला तो गेलाच.

त्यानं काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. नदीवरचा पूल त्यानं आणला. त्याआधी पावसाळ्यात अडलेल्या बाईला खाटेवर घालून डोंग्यातून न्यावं लागायचं. शकुंतलाची सून त्या पुलामुळं वाचली. पण तो मंत्री असतानाच पहाडी खोदायची परवानगी निघाली, आणि त्याच पुलावरून ट्रक आले. मी चंद्रपूरला विश्रामगृहात जाऊन त्याला गाठलं. बाहेर कार्यकर्त्यांची गर्दी, आत आम्ही दोघंच.

"दादा, सही तू केली?"

"माझं खातं नाई ते."

"मंग बोलला काऊन नाई?"

"पोरांले काम पाहिजे, सुमन. पहाडी पाहून पोट भरते का?"

"मंग तवा आडवा काऊन बसला होता?"

त्यावर तो एवढंच म्हणाला, "जेवून जाजो." मी जेवले नाही.

शोकसभा गावातच झाली. दादाच्या मृत्यूची बातमी ऐकून चौकात फटाके फोडणारे पुढच्या रांगेत पांढरे कपडे घालून बसले होते. त्याच्या शेवटच्या आजारपणात फोनसुद्धा न उचलणारे त्याच्या पक्षाचे लोक मंचावर डोळे पुसत होते. त्यांच्यातल्याच एकानं जाहीर केलं, की पहाडीच्या माथ्यावर साहेबांचं भव्य स्मारक उभं राहील. टाळ्या पडल्या. तेवढ्यात बायांमधून मैनाबाई उठली. आता पार वाकली आहे ती.

"भाऊचं स्मारक पहाडीवर बांधतो म्हनता," ती म्हणाली. "पहाडी कुठी हाये?"

मागं वळून पाहिलं असतं तर सगळ्यांना दिसलंच असतं... जिथं हिरवा माथा होता तिथं आता लाल खड्डा आहे. माइक धरलेला पुढारी म्हणाला, "आजी, बसा खाली, तुमच्या भावना आम्ही समजतो." तेव्हा माझा तोल सुटला. मी मंचावर जाऊन त्याच्या हातातला माइक घेतला. म्हटलं, "ती बसणार नाही. पहाडीसाठी माझा भाऊ आडवा बसला होता, आणि माझ्याच भावानं ती जाऊ दिली. दगडावर दोन्ही लिहा. नसेल लिहायचं तर दगडच बसवू नका." माइक कुणीतरी बंद केला. दादाचा आवाज माझ्याकडं नाही, पण पुढच्या रांगेला ऐकू गेलं. परत येताना मैनाबाई माझा हात धरून चालत होती. "भाऊ वाईट नव्हता, बाई," ती म्हणाली. "पन आमाले सोडून गेला."

परवा स्मारक समितीचे लोक दादाच्या वस्तू मागायला घरी आले. मी त्यांना अंगणातूनच वाटेला लावलं. मागच्या खोलीत त्याची खाट आहे, पहाडीकडं उघडणाऱ्या खिडकीशी. घरी आला की तो तिथंच निजायचा. शेवटचा आला तेव्हा अंगात त्राण नव्हतं, तरी स्वतः उठून त्यानं ती खिडकी लावून घेतली. "ऊन डोयात जाते," म्हणाला. खिडकी उत्तरेची आहे, तिथून ऊन कधी आत येतच नाही. आता रोज सकाळी मी ती सताड उघडते. खाणीची लाल धूळ आत येते, त्याच्या उशीवर बसते.

बसू दे.