नीळकंठ नव्हे, खंड्या

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात नवीनच होते. सातवीतच शाळा सुटलेली. बिलोलीहून इथं एका मावशीच्या खानावळीत पोळ्या लाटायला आले होते. जेवायला सगळी शिकवणीची पोरं. धक्के थांबेनात, तशी पोरं गावी पळाली. मावशी आत स्लॅबखाली झोपायची. मी मात्र अंगणात, चपला उशाशी घेऊन. पातेल्यावरचं झाकण हललं तरी उठून रस्त्यावर.

"दसऱ्यानंतर पोरं येणार," मावशी म्हणाली. "अंगणात पंगत बसंल. आत झोपायला शीक, न्हाई तर बिलोलीची गाडी धर."

घरी जाऊन करणार काय? मनाशीच ठरवलं, दसऱ्याला नीळकंठ दिसला तर आत झोपायचं. त्या दिवशी त्याचं दर्शन झालं की वर्ष सुखाचं जातं, असं आमच्याकडं मानतात.

आणि दिसला! विहिरीजवळच्या तारेवर, उन्हात पाठ निळीशार. लांबूनच हात जोडले, अंथरूण आत नेलं आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

सकाळी विहिरीपाशी भांडी घासत होते. अचानक डोक्यावर किलकिलाट झाला, कुणी खदाखदा हसत जिना उतरावा तसा. मी पातेलं टाकून पळाले.

"अगं येडे, खंड्या हाय त्यो!" मावशी दारातून ओरडली.

"नीळकंठ न्हाई?"

"नीळकंठ असा हसतो व्हय? त्यो खरखरतो, घसा बसल्यावानी. आन चोच बघ की."

पाहिलं. लांब, जाड, लालभडक चोच. डोकं-पोट तपकिरी, गळ्याखाली पांढरं, जेवायला बसताना फडकं बांधल्यागत. पाठ तेवढी निळी. म्हणजे रात्रभर त्या छताखाली मी कुणाच्या भरवशावर झोपले होते?

"काल तू हात जोडलेस तवाच वळखला मी," मावशी म्हणाली. "म्हटलं, झोपतीय तर झोपू दे पोरीला."

संध्याकाळी अंथरूण परत अंगणात. आता ती गाडीचं नाव काढणार, म्हणून मी तिच्याकडं बघतही नव्हते. तिनं आतून स्वतःची बाज ओढत आणली.

"सरक."

"मावशी, तुम्ही कशाला?"

"सरक म्हणलं ना. मला काय भ्याव न्हाई व्हय?"

पोरं परतली. मावशीनं पंगत आतच बसवली, दोन खेपांत. पोरं कुरकुरली, तिनं ऐकलं नाही. थंडी पडल्यावर एके दिवशी ती बाज घेऊन आत गेली. मीही मागोमाग गेले. दाराशीच अंथरलं, पण आत.