आधी ब्रेक

ब्रेकचे पॅड हातात आले की तो आधी ते नाकाला लावतो. टायर बोटाच्या पेरांनी वाजवून बघतो, कलिंगड वाजवावं तसा. गिऱ्हाईक बोलत असतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघतो. चहा अर्धा पितो आणि उरलेल्यात ब्रश बुडवतो. मग शिव्या देतो, चहाला. पाना उचलला तिथे परत ठेवत नाही, पण दुसऱ्या कुणी हलवला तर लगेच ओळखतो. काम संपलं तरी ‘झालं’ म्हणत नाही. ‘चालवून बघतो’ म्हणतो. बायकोने हाक मारली की म्हणतो, ‘स्वल्प थांब.’ हे स्वल्प म्हणजे किती, ते तिला अजून कळलेलं नाही. मला कुठून कळणार?

हा व्यंकोजी. बेंगळुरूत शिवाजीनगरच्या बाजारामागे एका गल्लीत त्याचं घर आहे. खाली गॅरेज, वर तो आणि त्याची बायको श्यामलाक्का, गच्चीवरच्या खोलीत मी. मी पुण्याहून साहित्यात एम.ए. करून इथे आलो आणि एका कंपनीत ॲपवरची वाक्यं लिहितो. ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ हे माझं आजवरचं सर्वाधिक वाचलं गेलेलं वाक्य. व्यंकोजीअण्णाला हे सांगितल्यापासून तो मला पंडित म्हणतो.

त्याचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी घरात, कानडी दारात. दोन्हींत भांडता येतं. गॅरेजमध्ये मात्र तो एकाच विषयावर भांडतो. ब्रेक.

त्याच्याकडे येतात त्या सगळ्या बॅटरीच्या गाड्या. साध्या स्कूटर नाहीत. दांडगी मोटर, जाड टायर, मूठ पिळली की मान मागे जाते अशा. आणणारे बहुतेक आयटीतले. त्यांना वेग वाढवून हवा असतो. नागपूरचा सुशांत असाच आला होता.

“अण्णा, मोटर मोठी टाका ना. बाकीचं नंतर बघू.”

“ब्रेक कुठला आहे?”

“कंपनीचाच.”

“मग वेगपण कंपनीचाच ठेव.”

सुशांतने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. शेवटी आधी ब्रेकची मोठी डिस्क बसली, मग नवे पॅड, मग टायर आणि सगळ्यात शेवटी मोटर. सुशांत तोवर रोज रिक्षाने ऑफिसला गेला. जाताना येताना गॅरेजवर थांबून हताशपणे गाडीकडे बघायचा. हे असं मोठी मोटर टाकणं कायद्यात बसतं का, हे मी अण्णाला एकदा विचारलं होतं. “न बसणारं मी करत नाही,” तो म्हणाला. मग तू सकाळपासून काय करत होतास, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

टायर घेताना तो कडेला छापलेले आकडे वाचतो. टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात तयार झाला ते त्यावर लिहिलेलं असतं. मी पुस्तकाची आवृत्ती बघतो तसं. दुकानदाराने एकदा जुना माल पुढे केला, तर अण्णा म्हणाला, “हा माझ्या लग्नातला आहे.” दुकानदार हसला. अण्णा हसला नाही. टायर तिथेच ठेवून निघाला आणि दुसरा मिळेपर्यंत मला अख्खं शिवाजीनगर फिरवलं.

आणि तेल. तेलाचा डबा तो ब्रेकच्या जवळपासही येऊ देत नाही. कुणी साखळीवर तेलाचा फवारा मारायला वाकलं तरी ओरडतो. डिस्कला तेल लागलं की ते पॅडमध्ये मुरतं, मग पॅड नुसता घसरतो, पकडत नाही. वरून पुसून काही होत नाही, पॅड फेकावे लागतात. हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन.

आता श्यामलाक्काची गाडी.

श्यामलाक्का बोम्मसंद्र्याला औषधं पॅक करणाऱ्या एका कारखान्यात आहे. दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून ती लाइनची सुपरवायझर होणार होती. पाळी पहाटेची. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नाही आणि त्या वेळेला सिटी बसचा भरवसा नाही. तिच्या कारखान्यातल्या कस्तुरीने तिकडेच, आनेकलला, खोली घेतलेली. तिथला दुसरा पलंग रिकामा होता.

“सोमवारी गाडी तयार असली तर मी इथून जाईन,” श्यामलाक्का म्हणाली. “नसली तर आनेकल. मग रविवारी भेटू.”

“असेल की गं.”

“अहो, श्रावणापासून हेच ऐकतेय.”

खरंच, गाडी श्रावणापासून गॅरेजमध्ये उभी होती. अण्णाने जुनी घेतलेली, बॅटरीची, भारी मोटरसायकल. कागदपत्रं नीट होती. ती होती तशीसुद्धा चालत होती. श्यामलाक्का तिच्यावरून दोनदा बाजारात जाऊन आली. मग अण्णाला वाटलं, होसूर रोडवर लॉऱ्यांच्या मधून जायचंय, ओढ जास्त हवी. मोटर बदलली. मोटर बदलली म्हणून कंट्रोलर बदलला. त्याच्या नियमाप्रमाणे या सगळ्याच्या आधी ब्रेक झाले होते, पण आता ओढ वाढली म्हणून ते पुन्हा झाले. गाडी तयार झाली. मग त्याला मागचा टायर आवडेनासा झाला.

“मला बोम्मसंद्र्याला जायचंय,” श्यामलाक्का जिन्यावरून म्हणाली. “चंद्रावर नाही.”

“स्वल्प थांब.”

मध्येच सुशांतची गाडी आली, मग आणखी कुणाकुणाच्या. बाहेरच्यांच्या गाड्या येत होत्या आणि जात होत्या. घरची गाडी भिंतीला टेकून होती. एकदा मी न राहवून म्हणालो, “अण्णा, आहे तशी देऊन टाक.” त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शुद्धलेखन सोडून द्या म्हटलं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी खरोखर तयार झाली. मी स्वतः बघितलं. तो ‘झालं’ म्हणाला नाही, पण हात धुतले.

खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी बेंगळुरूतलं प्रत्येक वाहन देव असतं. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात. दुकानादुकानांतून चुरमुऱ्यांच्या पुड्या हातात पडतात. रस्त्यावर कोहळे फोडतात आणि त्यांचा गर दोन दिवस रस्त्यावर पडून राहतो. आमच्या गॅरेजमध्ये सगळे पाने, जॅक, हवेचा पंप पाटावर मांडले होते. अण्णाने पांढरा पंचा नेसला होता. त्याचे वडील एका कारखान्यात लेथवर होते. ते कुंकू तिळाच्या तेलात कालवून प्रत्येक हत्याराला बोट लावायचे. अण्णाही तसंच करतो. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत, एकामागून एक बोट.

पाने झाले. जॅक झाला. मग श्यामलाक्काची गाडी. हँडलला बोट. मोटरला बोट. पुढच्या डिस्कला बोट, मोठं, गोल. मागच्या डिस्कलाही.

मी बघतच राहिलो. श्यामलाक्का आरतीचं ताट घेऊन उभी होती.

“अहो, तिथे तेल?”

“पूजेचं आहे गं.”

“पूजेचं असलं तरी तेलच ना?”

“बोटभर कुंकवाने काय होतंय? पुसतो की नंतर.”

मला पटेना. पण सबंध बेंगळुरूत ब्रेकच्या बाबतीत मी ज्याचं ऐकतो तो माणूस हे म्हणत होता. चाकाखाली लिंबं ठेवली, गाडी त्यांच्यावरून पुढे गेली, लिंबं फुटली, आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा तसाच गल्लीत फेरी मारून आला. गाडी झकास थांबली. मग त्याने फडक्याने डिस्क पुसल्या. कुंकू फडक्याला आलं. तो समाधानाने चुरमुरे खात बसला.

गाडी का थांबली, ते मला नंतर कळलं. या गाड्यांत मूठ सैल सोडली की मोटर उलटं काम करते. चाकाला मागे ओढते आणि त्यातून निघालेली वीज बॅटरीत भरते. त्यामुळे गाडी अर्धीअधिक त्या ओढीनेच थांबते, ब्रेकला फारसं काम उरत नाही. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर आणखी भरायला जागा नसते. मग ती ओढ बंद होते. उरतात ते फक्त ब्रेक.

शनिवारी त्याने बॅटरी पूर्ण भरली. सोमवारसाठी.

रविवारी सकाळी श्यामलाक्का हेल्मेट घेऊन खाली आली. “द्या किल्ली. बस-स्टँडपर्यंत जाऊन येते.”

“मी चालवल्याशिवाय नाही.”

“खंडेनवमीला चालवलीत की.”

“ती पूजेची फेरी. ही तपासणीची.”

तिने कपाळाला हात लावला. किल्ली दिली नाही म्हणून मीही मनातल्या मनात त्याच्यावर चिडलो. अण्णा निघाला. आमच्या गल्लीच्या टोकाला बस-स्टँडकडे जाणारा उतार आहे. आम्ही दोघं टोकापर्यंत चालत गेलो.

गाडी उताराला लागली. वेग घेतला. मग हळू व्हायला हवी होती, ती झाली नाही. अण्णाची पाठ आम्हाला दिसत होती. तो ताठ झाला. दोन्ही ब्रेक आवळले असणार, कारण कोपरं बाहेर आली. चाकं मजेत फिरत राहिली. समोर बसमधून उतरलेली माणसं होती. अण्णाने गाडी डावीकडे घातली, जिथे गल्लीभरच्या पूजेचे केळीचे खुंट आणि फुटके कोहळे ढीग करून टाकले होते. टायर नवा होता, जाड होता, या वर्षीचा होता. कोहळ्यावर तोही टिकला नाही.

आम्ही धावत पोचलो. अण्णा केळीच्या पानांत बसला होता. उजवा हात डाव्या हाताने धरून. तोंडावर कोहळ्याचा गर. श्यामलाक्का खाली बसली आणि त्याचा खांदा चाचपू लागली. तो तिच्याकडे बघत नव्हता. आडव्या पडलेल्या गाडीच्या पुढच्या डिस्कवर त्याने डाव्या हाताचं बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं.

“तिळाचं,” तो म्हणाला.

श्यामलाक्काने त्याच्या तोंडावरचा गर पुसला. मग म्हणाली, “पूजेचं आहे ना.” आणि रडायला लागली. “मी बसणार होते तिच्यावर. मी.”

किल्ली तिला दिली असती तर, हे वाक्य आम्हा तिघांपैकी कुणीच पुरं केलं नाही.

खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. घरी आल्यावर तो वर गेला नाही. गाडीसमोर स्टुलावर बसला. दोन दिवे सोडले तर गाडीला फार काही झालं नव्हतं. डिस्क धुवायच्या आणि चारही पॅड नवे घालायचे, एवढंच काम. पॅड फळीवर होते. बाजूच्या गल्लीतला अजित, अण्णाबरोबर शिकलेला, संध्याकाळपर्यंत करून देतो म्हणाला.

“अजित डिस्क पेट्रोलने पुसतो,” अण्णा म्हणाला.

“म्हणजे तेल तरी लावत नाही,” श्यामलाक्का म्हणाली.

मी हसलो.

“अण्णा,” मी म्हणालो, “उद्या सोमवार आहे. अक्का आनेकलला जाईल. अजितला करू दे की.”

“करेल. पण चालवून कोण बघणार?”

“अजित.”

“नाही. मी.”

“तुझा हात मोडलाय!”

“म्हणून तर स्वल्प थांब म्हणतोय.”

या माणसाशी काय बोलायचं? श्यामलाक्का वर गेली. बॅग भरल्याचा आवाज येत होता. अण्णाने डाव्या हाताने पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा चिमटा, उघडला. जुने पॅड काढून फेकले, नवे घातले. घामाघूम झाला. मी मदतीला वाकलो तर म्हणाला, “पंडित, हात धुतलेस का?” मी धुऊन आलो. तरी त्याने हात लावू दिला नाही.

संध्याकाळी श्यामलाक्का बॅग घेऊन खाली उतरली. “हात बरा होईपर्यंत,” ती म्हणाली. “गोळ्या जेवणानंतर घ्या. आणि मला सोडायला येऊ नका, हात दुखेल.” तो गल्लीच्या टोकापर्यंत गेलाच. बॅग मी घेतली होती.

त्याला महिने झाले. हात कधीच बरा झाला. सुशांतची गाडी पुन्हा येऊन गेली, चकचकीत होऊन. अण्णाकडे कामाची रीघ आहे. गिऱ्हाइकांना तो आता तेलाबद्दल ओरडत नाही, फक्त फळीवरचा डबा उचलून बाहेर ठेवतो. श्यामलाक्का शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी जाते. येताना गॅरेजमध्ये डोकावते, काही विचारत नाही. आनेकलची बस बरी आहे म्हणते.

गाडीचं पुढचं काम पूर्ण आहे. मागच्या चाकाचं तो रोज सुरू करतो. पॅड काढतो, नाकाला लावतो, पुन्हा फळीवर ठेवतो. मला कधी कधी हुंगायला देतो.

“येतोय का रे वास?”

“नाही. नवे आहेत, अण्णा. पाकिटातून तूच काढलेस.”

“नीट बघ.”

“नाही येत!”

परवा त्याने ते घातले. कॅलिपर बसवला. त्याला दोन बोल्ट असतात. एक घट्ट आवळला. दुसरा बोटांनी फिरवून आत घेतला, इतक्यात बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. तो उठून गेला.

तो बोल्ट अजून तसाच आहे. पाना खालीच पडलाय. मी हलवलेला नाही.