माइकवाला कोणाचा?

माझे मामा किल्ल्या बनवतात. दुकान जेमतेम एका दाराएवढं रुंद. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, टेबलावर कानशी आणि सगळीकडे पितळेची भुकटी. मामीच्या म्हणण्याप्रमाणे ती अंथरुणातसुद्धा सापडते. किल्ली करून मागणाऱ्याला मामा आधी विचारतात, "कुलूप कोणाचं?" उत्तर ऐकताना ते त्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, हातांकडे पाहतात. चाळीस वर्षं हे केल्यावर माणसाला सवयच लागते. मामी म्हणते, "यांना चहा दिला तरी विचारतील, साखर कोणी घातली?"

दुकान नसेल तेव्हा मामा मैदानावर. आमच्या फुटबॉल संघाचा एकही घरचा सामना त्यांनी चुकवलेला नाही. पूर्वेच्या स्टँडमध्ये सगळ्यात जुने तेच, म्हणून सगळे त्यांना दादा म्हणतात.

या हंगामात मैदानाला नवा निवेदक आला. आधीचा घसा बसून निवृत्त झाला. नव्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. तो वर काचेच्या खोलीत बसायचा आणि काच काळी होती.

"काळी काच कशाला लागते?" मामा म्हणाले. "आत बसून काय लपवायचंय?"

पहिल्या दोन सामन्यांतच स्टँडमध्ये कुजबुज सुरू झाली. गोल झाल्यावर वाजणारं गाणं कोणालाच आवडलं नव्हतं. गोल आपल्या पोरांनी केला आणि गळा काढणार स्पीकर! पण खरा संशय वेगळा होता. आमचा गोल झाला की माइकवाला खेळाडूचं नाव कसंबसं पुटपुटतो, ऐकूही येत नाही. पाहुण्यांचा गोल झाला की मात्र नाव स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या अक्षरापर्यंत. शेवटी मामांनीच निकाल दिला, "हा नदीपलीकडचा आहे."

नदीपलीकडचा संघ म्हणजे आमचा हाडवैरी. मग बोलायलाच नको.

चाहत्यांच्या मंडळाने अर्ज तयार केला: माइकवाला बदला. मंडळाचे सेक्रेटरी पोस्टात काम करतात, अक्षर सुरेख. माइकवाला या हंगामापुरता तात्पुरता घेतलेला होता. मंडळाने लेखी तक्रार दिली तर त्याला ठेवणार नाही, असं क्लबने तोंडी सांगितलं होतं. पहिली सही अर्थातच दादांची झाली. चारशे लोकांनी तिच्याखाली सह्या केल्या, कारण दादांचा कान चुकत नाही असं सगळे मानायचे.

पण सही करूनही मामांना चैन पडेना. "पुरावा हवा," ते म्हणाले. नदीपलीकडच्यांशी सामना होता, त्याची दोन तिकिटं त्यांनी काढली, तीही पाहुण्यांच्या कोपऱ्यातली. तिथे माइकवाल्याचे भाऊबंद त्याला काय खूण करतात ते पाहायचं होतं. मला बरोबर घेतलं, कारण एकटा म्हातारा डोळ्यांत भरतो. गळ्यातला मफलर त्यांनी घरीच ठेवला. मामी दारात म्हणाली, "मफलर नाही? जाताय तरी कुठे?"

"सामन्याला."

"असं?" मामी म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

कोपऱ्यात आम्ही अंग चोरून बसलो. विसाव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला. आमच्या भोवतीची माणसं उसळली, कोणीतरी मामांना मिठी मारली, कोणाचं तरी कोपर माझ्या खांद्यात बसलं. मामा मान वाकडी करून कान टवकारत होते.

"काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं.

"काहीच ऐकू आलं नाही, मामा."

उत्तरार्धात आमचा गोल झाला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. कोपरा चिडीचूप. आमचे स्टँड लांब गरजत होते, पण कोपऱ्यातल्या त्या शांततेत डोक्यावरच्या स्पीकरमधून आमच्या खेळाडूचं नाव आलं. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या अक्षरापर्यंत. आवाजात आनंद मावत नव्हता. मग गाणं.

मामांच्या शेजारचा जाडा गृहस्थ कपाळावर हात मारून म्हणाला, "ऐकलंत ना काका? घरात मूल जन्मल्यासारखा ओरडतोय मेला! आणि आपल्या वेळी तोंडात मिठाची गुळणी!"

मामांनी समोर आमच्या स्टँडकडे पाहिलं. आमच्या स्टँडची जुनी रीत आहे: समोरच्यांनी गोल केला की खाली बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. शिवी नाही, हुर्यो नाही. ती रीत मामांनीच पाडली होती.

बुधवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मंडळाची बैठक झाली. अर्ज दुसऱ्या दिवशी जायचा होता. मामा उभे राहिले. "माझी सही खोडा. तो दोन्ही वेळा सारखाच बोलतो. आपल्या गोलाला आपणच बोंबलतो, म्हणून ऐकू येत नाही. त्यांच्या गोलाला आपण गप्प असतो. चूक माझी आहे."

मग मागून आवाज आला, "दादा, तिकडे काय खाऊ घातलं तुम्हाला?"

"कोणाच्या तिकिटावर गेला होतात?"

"माझ्या!"

"आम्हाला न सांगता?"

चाळीस वर्षं मामा लोकांकडे ज्या नजरेने पाहत आले, त्याच नजरेने ती माणसं आता त्यांच्याकडे पाहत होती. सेक्रेटरींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "एक करू. पुढच्या सामन्याला आपला गोल झाला की पूर्ण स्टँडने गप्प बसायचं. नाव ऐकायचं आणि मग काय ते ठरवायचं. अर्ज तोवर माझ्याकडे."

सगळ्यांनी मान्य केलं. त्या रविवारी स्टँडमध्ये ओळीओळीने निरोप फिरला. गोल जवळ आला की माणसं तोंडावर हात ठेवायची. चेंडू बाहेर गेला की हात खाली. शेजारच्या स्टँडला वाटलं, इथे कसली साथ आली की काय!

सदुसष्टाव्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून आत गेला.

पहिली आरोळी सेक्रेटरींची. मग सगळ्यांची. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. मग हात सुटले आणि ते असे ओरडले की मला माइकवालाच काय, शेजारचाही माणूस ऐकू येईना.

शांत झाल्यावर सेक्रेटरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कोणी ऐकलं?"

कोणी नाही.

"जो गप्प राहिला असेल," मामा म्हणाले, "त्याने सही ठेवावी."

माणसं बुटांकडे पाहू लागली. कोणीतरी हसलं. सेक्रेटरींनी अर्ज काढला, एकदा उघडला आणि घडी घालून परत आतल्या खिशात ठेवला. "राहू दे यंदा. बोलू दे त्याला."

आम्ही फाटकाबाहेर पडलो. कोपऱ्यावर थांबून मामा म्हणाले, "फाडला का नाही त्याने?"

"मामा, पाठवणार नाहीत ते आता."

"तुला कोणी सांगितलं?" मामा म्हणाले, आणि सेक्रेटरी कुठल्या रस्त्याने जातात ते पाहत उभे राहिले.