दिनेश, वन्सं आणि आम्ही चौघं

सहलीहून आलं की आठवडाभर किस्से चालतात, मग नुसते फोटो उरतात. या सहलीचं उलटं झालं. फोटो फारसे काढूच दिले नाहीत आणि किस्से अजून निघतायत. रविवारी सकाळी मारतहळ्ळीत, आमच्या बिल्डिंगखालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी घेऊन उभे राहिलो की चौघांतलं कोणीतरी म्हणतं, "तिकडे असताना..." आणि कॉफी गार होते.

चौघं म्हणजे मी, माझा नवरा निखिल आणि शेजारचे शंकरअण्णा नि सुमनअक्का. आम्ही दोघं पुण्याचे, आयटीतले. अण्णा-अक्का मूळचे निपाणीकडचे, पण सगळं आयुष्य बेंगळुरात गेलेलं. बालीला काय, सगळेच जातात, म्हणून रिटायर झालेल्या अण्णांनी हा देश शोधून काढला. तिथे आपापलं फिरता येत नाही. टूरच घ्यावी लागते आणि गाईडशिवाय हॉटेलच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. देशाचं नाव लिहीत नाही. आमचा गाईड अजून तिथेच राहतो.

*

विमानतळावरच फोन तपासायला घेतले. माझ्या वाट्याला एक तरुण अधिकारी आला. एकेक फोटो सरकवता सरकवता थांबला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. बेळ्ळंदूरला आमच्या ऑफिसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे खड्डे. असे बरेच होते.

"हे युद्धात झालं का?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"नाही. पावसात."

"मग फोटो कशाला काढले?"

"तक्रार करायला."

तो आत जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेबाने फोटो पाहिले, मला पाहिलं. "तुम्ही तक्रार केलीत. मग पुढे तुमचं काय केलं?"

"माझं काही केलं नाही. खड्ड्याचंही काही केलं नाही."

निखिल मागून माझ्या दंडाला चिमटे काढत होता. साहेबाने शिक्का मारला आणि फोन दोन्ही हातांनी परत दिला. तक्रार करूनही मोकळी फिरते म्हणजे बाई मोठ्या वशिल्याची असणार, असा त्याचा समज झाला असावा.

*

बसमध्ये दोन माणसं कायम आमच्याबरोबर. एक गाईड, तिशीतला, कडक इस्त्रीचा कोट, पुस्तकातलं वाटावं असं इंग्लिश. दुसरी चाळिशीतली एक बाई. मागच्या सीटवर मांडीवर काळी पर्स घेऊन बसायची, बोलायची नाही. तिची ओळख "माझ्या सहकारी" एवढीच करून दिली होती.

आम्ही मराठीत बोलायचो, पण बोलण्यात नाव आलं की दोघं वळून बघायचे. म्हणून पहिल्याच संध्याकाळी अक्कांनी बारसं उरकलं. गाईडचं नाव दिनेश, कारण तो त्यांच्या भाच्यासारखा दिसायचा. आणि बाई म्हणजे वन्सं.

"वन्सं का?" निखिलने विचारलं.

"बोलत नाहीत, पण सगळं बघून ठेवतायत की. घरी जाऊन सांगणार बघ."

*

अण्णांना शुगर आहे. पहाटे चालल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पहिल्या सकाळी "स्वल्प पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाले ते थेट फाटकावर. दिनेश धावत आला. "सर, बाहेर नाही."

"सरी, बरं, मग आतच चालतो की."

अण्णा पार्किंगमध्ये गोल फिरायला लागले. पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून दिनेश बरोबर. दिनेशला पाहुण्याबरोबर एकटं सोडायचं नाही, म्हणून मागे वन्सं. मी खिडकीतून पाहिलं. एकही गाडी नसलेल्या त्या पार्किंगला तिघं एकामागोमाग प्रदक्षिणा घालत होते.

काही दिवसांत दिनेशचे बूट चावायला लागले. तो लंगडताना बघून अण्णांना वाईट वाटलं. "उद्यापासून मी खोलीतच हातपाय हलवीन," ते म्हणाले.

दिनेशचा चेहरा पडला. "नको सर, प्लीज चाला. तुम्ही रोज चालता असं मी वर कळवलंय."

*

खोलीतलं बोलणं कोणीतरी ऐकतं, असं सगळेच म्हणतात. खरं की खोटं, मला माहीत नाही. मी आणि निखिल मात्र नळ सोडून कुजबुजायचो आणि मग कुजबुजण्यावरून भांडायचो. तेही कुजबुजत.

अक्कांनी या गोष्टीचा उपयोग करून घेतला. अण्णा गोळी घ्यायला टाळाटाळ करतात. एका संध्याकाळी अक्का भिंतीकडे तोंड करून मोठ्यांदा इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "माय हजबंड इज नॉट टेकिंग हिज टॅब्लेट."

सकाळी नाश्त्याला दिनेश अण्णांच्या खुर्चीशी वाकला. "सर, गोळी घेतलीत?"

अण्णांनी त्या दिवसापासून एकही गोळी चुकवलेली नाही.

*

आता बुटांचा किस्सा. हा सांगताना आम्ही अर्ध्यापर्यंतच हसतो.

शहराच्या मधोमध त्यांच्या नेत्याचा मोठा पुतळा. फुलं वाहायची, वाकायचं, मागे यायचं, हे दिनेशने पाठ करून घेतलं होतं. थंडी मरणाची. पायऱ्यांपाशी अण्णांनी सवयीने बूट काढले. समोर भली मोठी मूर्ती, हातात फुलं, माणूस काय करणार? अक्कांनीही काढले. मग आम्ही दोघांनी.

आमच्या मागे एका कारखान्यातली माणसं रांगेत उभी होती. त्यांच्या पुढाऱ्याने आमच्या पायांकडे पाहिलं, पुतळ्याकडे पाहिलं आणि खाली वाकून नाडी सोडली. मग त्याच्या मागच्याने. मग पूर्ण रांगेने. नवीन नियम आला की काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची हिंमत नव्हती. बघता बघता सगळं पटांगण मोज्यांवर उभं राहिलं. एक म्हातारे गृहस्थ तर अनवाणीच, त्या बर्फासारख्या फरशीवर.

दिनेश पांढराफटक पडला होता. तो एवढंच म्हणाला, "सर, हे तुम्ही का केलंत?"

दुसऱ्या दिवशी दिनेश आला नाही.

वन्संच पुढे येऊन बसल्या. "त्याला सर्दी झालीय," त्या म्हणाल्या. आम्ही ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य. अण्णा जेवले नाहीत. त्यांनी वन्संना सांगून पाहिलं की चूक माझी, त्याला काही माहीत नव्हतं. वन्सं ऐकत राहिल्या, मान हलवली नाही. दुपारी एका चौकात बस थांबवून त्या उतरल्या, समोरच्या कचेरीत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आम्ही काचेला नाक लावून बसून होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिनेश पार्किंगमध्ये हजर होता. तोच कोट. अण्णांनी विचारलं, "सर्दी कशी आहे?"

"कसली सर्दी, सर?" तो म्हणाला आणि चालायला लागला.

*

परत आल्यावरही हे सगळं अंगातून जाईना. इथल्या, बेंगळुरातल्या शिवाजीनगरला जाताना रिक्षावाला मंत्र्यासंत्र्यांना मोठमोठ्याने शिव्या घालत होता. मी बाहेर डोकावून पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "अण्णा, स्वल्प मेल्लगे." म्हणजे जरा हळू.

त्याने रिक्षा हळू केली. शिव्या तशाच चालू ठेवल्या.

*

एक किस्सा दर्शिनीत कोणी काढत नाही. तो शेवटच्या दिवसाचा.

परतीला रस्त्याने सीमेकडे जाताना वाटेत एक तळं लागलं. कार्यक्रमात नव्हतं, तरी दिनेशने बस थांबवली. आजूबाजूला घर नाही, फाटक नाही, पहारेकरी नाही. तो म्हणाला, "थोडा वेळ आहे. हवं तिकडे जा."

आम्ही उतरलो आणि बसच्या सावलीत उभे राहिलो. आठवडाभर पाय शिवशिवत होते, आणि आता एकालाही पाऊल उचलता येईना. अण्णासुद्धा दाराची दांडी धरून उभे. "हवं तिकडे म्हणजे कुठपर्यंत?" निखिल पुटपुटला.

तेवढ्यात मागच्या दारातून वन्सं उतरल्या. पर्स सीटवरच होती. आमच्याकडे न बघता त्या तळ्याच्या कडेने चालू लागल्या. आधी सावकाश, मग भराभर. वळणावर त्यांची आकृती लहान झाली, मग झाडीआड गेली.

आम्ही दिनेशकडे बघितलं. तो तळ्याकडे पाठ करून उभा होता. त्याने हात उंचावून पलीकडचा डोंगर दाखवला आणि त्याची माहिती सांगायला सुरुवात केली. उंची, दगड, झाडं. सांगून संपलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ड्रायव्हरही डोंगराकडे बघत होता.

आम्ही चौघांनी डोंगर बघितला.

बऱ्याच वेळाने वन्सं आल्या. कपडे गुडघ्यापर्यंत ओले, केस विस्कटलेले, धाप लागलेली. अक्कांनी आपली शाल काढून त्यांच्या हातात दिली. वन्संनी पाय पुसले, शालीची नीट घडी केली, परत दिली आणि मागच्या सीटवर पर्स घेऊन बसल्या.

"सगळे आले?" दिनेशने समोर बघत विचारलं.

"आलो," अक्का म्हणाल्या.