भोंगा आणि युक्रेनचे उंदीर

सोनागिरीतल्या आमच्या सभागृहाचे दिवे सांभाळणारे काका मूळचे नागपूरचे. माणसांशी कमी आणि फ्यूजशी जास्त बोलायचे. डिसेंबरात युक्रेनहून बॅलेवाले आले. सकाळच्या तालमीत उंदीर झालेल्या नर्तकांची फौज राजपुत्राशी लढत होती, तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. त्यांच्या देशात भोंगा म्हणजे हवाई हल्ला. बघता बघता उंदीर, राजपुत्र, सगळे रंगमंचाखाली शिरले.

काकांनी माझा डबा उचलला आणि रांगत त्यांच्या मागे गेले.

"काऊन घाबरून राहिले? जेवाची सुट्टी झाली, बस!"

त्यांनी एका उंदराला पोळी दिली, दुसरी स्वतः खाऊन दाखवली. भाषा कुणाला कळली नाही, पण हळूहळू सगळे बाहेर आले.

संध्याकाळी ऐन प्रयोगात पुन्हा भोंगा झाला. पावलं अडखळली, सगळ्यांनी विंगेत पाहिलं. तिथे काका सावकाश पोळी चावत उभे होते. नाच पुढे सुरू झाला.

पडदा पडल्यावर मी विचारलं, "काका, तुमची तर आज संकष्टी ना?"

"हो ना," ते म्हणाले, "पण गणपती रागवणार नाही. उंदीर त्याचेच आहेत."