अमडापूरच्या तीन खेपा

माझी बायको जाऊन सहा महिने झाले. चर्चमधले लोक अजून येतात, बसतात, तिचं चांगलं बोलतात. मी खाली मान घालून ऐकतो. त्यांना वाटतं, म्हातारा रडून राह्यला. मी रडत नसतो. मला लाज वाटत असते.

मी चौथी शिकलेला गवंडी. चिखलीत चर्चच्या मागच्या गल्लीत आमचं घर. रविवारची उपासना सोडली तर तिला दोनच नाद होते. एक, दर शुक्रवारी सरकारी दवाखान्यात बायांच्या वॉर्डात जायचं. ज्यांचं कोणी येत नाही त्यांची वेणीफणी करायची, दोन घास भरवायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देत नव्हतं. दुसरा नाद खानदानाचा. कोण कोणाचा, कोणाचा बाप्तिस्मा कुठं झाला, कोण कुठं पुरला, हे सगळं ती एका जाड वहीत लिहायची. कब्रस्तानातलं गवत उपटता उपटता दगडावरची नावं उतरवून आणायची. लग्नात लोक जेवायला जातात, ही म्हाताऱ्या बाया शोधायला जायची.

तिच्या माहेरी ही रीतच होती. मी सोयरीक घेऊन गेलो तेव्हा तिच्या बापानं बायबल उघडून माझ्यासमोर ठेवलं. पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या पाच पिढ्या लिहिलेल्या. मग म्हणाला, "आता तुमचं सांगा."

माझं काय सांगणार? माझा आजा मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला मिशनच्या लोकांना सापडला. तीन-चार वर्षांचं पोर. आईबाप कोण, गाव कोणतं, काही ठाव नाही. नाव पाद्र्यानं दिलं, आडनावही त्यानंच दिलं. माझ्या बापानं हे मला एकदाच सांगितलं होतं, अन् माझ्या तोंडावर हात ठेवून कुठं बोलू नको म्हणाला होता.

मी म्हणालो, "आम्ही अमडापूरचे. आजा पाटलाच्या घरचा. ख्रिस्ती झाला म्हणून भावांनी हाकलला. वीस एकर सोडून आला."

तोंडातून गेलं ते गेलं. असं सांगणारे आमच्यात पुष्कळ. कोणी खोदून पाहत नाही. माझ्या घरी खोदणारीच आली.

पोरगी कॉलेजात गेली तेव्हा बायकोनं हट्ट धरला, अमडापूरला जायचं.

मी म्हणालो, "काय करशीन वं जाऊन? त्यायनं टाकलं आपल्याले."

"अजी, टाकलं त्यायनं. आपण काऊन टाकावं?"

नाताळ जवळ आला होता. भावबंदांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डबाभर करंज्या घेऊन ती एसटीनं गेली. दिवसभर घरं हिंडली. कोणाच्याही ओसरीवर बसायची, आडनाव सांगायची, करंजी द्यायची. एका म्हाताऱ्यानं तिला चहा पाजला अन् म्हणाला, "बाई, माह्या आज्यानं मले गावातलं एकएक घर सांगतलं हाये. पाटलाच्या घरातून असं कोणी गेलं नाई. घरी पुन्हा विचारा बरं तुमी."

तिनं घरी येऊन विचारलं. मी जेवत होतो. म्हणालो, "तुले धड विचारताच येत नाई. भलत्याच आळीत गेली असशीन."

"असंन," ती म्हणाली. "आळीच चुकली असंन माही."

दोन वर्षांनी पुन्हा गेली. मग गुडघे धरल्यावर तिसऱ्यांदा गेली, काठी घेऊन. आली तेव्हा गुडघे वांग्यासारखे सुजलेले. मी तेल गरम करून चोळलं. अर्धा तास चोळत होतो, अन् तोंड उघडलं नाही. तीच म्हणे, "राहू द्या, हात दुखतीन तुमचे."

एकदा तर सांगायची वेळ हातात आली होती. दवाखान्यात एक म्हातारी होती, तिच्या कागदावर बेवारस लिहिलेलं. ही घरी आली ती तणतणत. मी बाजेवर मुरमुरे खात बसलो होतो.

"बेवारस म्हणे! कोणाच्या तरी पोटातून आली ना ते? दोन घंटे बसली मी तिच्यापाशी. मायचं नाव आठवलं तिले. बापाचं नाई आठवलं, मायचं आठवलं." अन् तिनं ते नाव वहीत मागच्या पानावर लिहिलं.

जगात एक माणूस होतं, ज्याला माझ्या आज्याची लाज वाटली नसती. ते माझ्यासमोर बसून लिहीत होतं. मी मुरमुरे संपवले अन् पाणी मागितलं.

उन्हाळ्यात ती गेली. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही.

पोरगी अकोल्याहून आली. म्हणाली, आईच्या वहीचं पुस्तक छापू, नातेवाइकांना वाटू, पाळकसाहेब पहिलं पान वाचतील. मी हो म्हणालो. ती टेबलाशी बसून लॅपटॉपवर टाइप करायची, मी चहा नेऊन द्यायचो. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली.

"बाबा, तुमच्या घराण्याचं पान पेन्सिलीनं काऊन हाये? बाकी सगळं पेनानं हाये."

मी म्हणालो, मला काय माहीत.

"मले माहीत हाये. दोघांनी सांगतलं त पेन. एकानंच सांगतलं त पेन्सिल. आईचा नेम होता तो."

मग तिनं खालचं वाचलं. तिन्ही खेपा तिथं होत्या. 'अमडापूरला गेले. कोणी मिळालं नाही.' तिसऱ्या खेपेच्या खाली आणखी एक ओळ. 'यांना आता विचारायचं नाही. यांना वाईट वाटतं.'

पोरगी म्हणाली, "मी एकदा जाऊन येतो अमडापूरले. छापायच्या आधी पक्कं करून घेतो."

हीसुद्धा जाणार होती. तेव्हा मी बोललो. बसायलाही सुचलं नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. आजा, रस्ता, पाद्री, बापानं तोंडावर घातलेला हात.

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "आज्याचं काई नाई, बाबा. पण आईले तीनदा जाऊ देलं तुमी?"

"देलं."

"काठी घेऊन गेली तवाबी?"

"तवाबी."

तिनं लॅपटॉप बंद केला. म्हणाली, "हे मी टाइप नाई करत. तुमी लिहा. आज्याचं बी अन् आईचं बी. तुमच्या हातानं. तोवर पुस्तक थांबलं."

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला गेली.

आज्याचं चार ओळींत झालं. ते लिहायला काही लागलं नाही. तिच्या आईचंच होत नाही. तेल चोळत होतो, इथपर्यंत येतो अन् कागद फाडतो, कारण पुढं मी काही बोललोच नाही, तर लिहू काय?

रविवारी पोरगी फोन करते. जेवले का, गोळी घेतली का, विचारते. कागदाचं विचारत नाही. फोन ठेवायच्या आधी मीच सांगतो, "लिहून राह्यलो."

"हाव," ती म्हणते. अन् ठेवते.